जपानी खाऊचा खोका आणि शाकाहारी घर
दरमहा येणाऱ्या जपानी खाऊच्या खोक्यातले शाकाहारी मंडळींना काय चालेल, या प्रश्नाला काही जण देतात ते 'गोड ते सगळे चालते' हे उत्तर मला पटत नाही. गमी गोळ्यांत बहुधा जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ) असते, आणि वरकरणी निरुपद्रवी दिसणाऱ्या बटाट्याच्या वेफर्समध्ये किंवा तांदळाच्या खारट बिस्किटांत मासळीचा अथवा कोंबडीचा अर्क असू शकतो. त्यामुळे पाकीट फोडण्यापूर्वी मागची घटकयादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचावी, सोबतच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

मात्र खोक्यात कोनपेइतो, म्हणजे साखरेची काटेरी जपानी मिठाई, निघाला, तर तो आधी उघडावा. जपानला जाण्यापूर्वी अनेक वर्षे गोव्यात राहिलेल्या लुईस फ्रोईस या पोर्तुगीज धर्मगुरूने १५६९ मध्ये जपानी सरदार ओदा नोबुनागाला हीच मिठाई भेट दिली होती. तिरक्या, तापलेल्या, फिरत्या कढईत साखरेच्या दाण्यांवर पाक थोडाथोडा सोडत राहिल्याने त्यांना बोथट काटे फुटतात, आणि पारंपरिक पद्धतीत या कामाला सुमारे दोन आठवडे लागतात. संक्रांतीला मंद आचेवर बोटांनी हलवत काटेरी हलवा करणाऱ्यांना ही कृती वेगळी समजावून सांगायला नको. (रंगीत दाण्यांपेक्षा साधा पांढराच सरस, हे आपले माझे मत.)

असा खोका महाग पडतो, ही अनेकांची तक्रार मात्र रास्त आहे. मक्याची उमाइबो कांडी जपानात १९७९ पासून २०२२ पर्यंत १० येनलाच मिळत होती. तेव्हा खोक्यात अशाच कांड्या भरलेल्या असतील, तर आपण मुख्यतः टपालखर्चाचेच पैसे मोजतो.