स्कूटरच्या मागच्या चाकाला कारचा टायर: बसतो म्हणून बसवायचा का?

घोडबंदरकर

काल इथे एकाने सल्ला दिला: "एनटॉर्क स्कूटरच्या मागच्या १२ इंची रिमवर कॉमेट या छोट्या कारचा १४५/७० आर १२ चढवा. स्कूटरचे तीन टायर घासतील तेवढा एक टिकतो. कुठे घासलंच तर थोडं मडगार्ड कापा." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली आहे. उद्या कोणीतरी हे वाचून खरंच टायरवाल्याकडे जाईल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गणित. एनटॉर्कचा मागचा मूळ टायर ११०/८०-१२, म्हणजे रुंदी ११० मिमी, भिंत रुंदीच्या ८० टक्के, रिम १२ इंची. त्याची उंची म्हणजे रिमचे ३०४.८ मिमी अधिक दोन्हीकडच्या ८८ मिमीच्या भिंती, मिळून ४८१. कॉमेटच्या टायरची ३०४.८ अधिक दोनदा १०१.५, म्हणजे ५०८. त्रिज्या साडेतेरा मिमी वाढली आणि रुंदी ३५. त्या ३५ मधले निम्मे, साडेसतरा मिमी, डावीकडे बेल्टच्या केसिंगकडे जातात. तिथे मुळात किती फट आहे ते बोट घालून बघा. दोघं बसलेले असताना खड्ड्यात शॉकअप पूर्ण दबला की टायर वरही लागतो. मडगार्डचं प्लास्टिक कापता येईल, केसिंग कसं कापणार?

दुसरी गोष्ट रिमची. दुचाकीची रिम अरुंद असते आणि बीड, म्हणजे टायरची तार असलेली आतली कड, बसण्याची तिची जागा वेगळ्या घडणीची असते. कारच्या टायरचं बीड तिथे सहज बसत नाही. मग टायरवाला हवा वाढवत नेतो, ५०, ६०, ७० पीएसआय. बीड बसवताना ४० च्या वर जाऊ नका, असं टायर कंपन्याच सांगतात. बीडची तार तुटली तर टायर समोरच्या माणसाच्या तोंडावर फुटतो.

आणि मुख्य मुद्दा: स्कूटर कलून वळते. तिच्या टायरची पाठ गोल असते, त्यामुळे कलताना रस्त्याला टेकलेला भाग गोलाईवरून अलगद सरकतो. कारच्या टायरची पाठ सपाट. तो आधी कलायला विरोध करतो, मग कडेवर उभा राहतो. काँक्रीट आणि डांबराच्या उंचसखल सांध्यावर ती कड अडकली की मागचं चाक स्वतःच दिशा ठरवतं. घोडबंदर रोडवर असे सांधे किती आहेत हे इथे कोणाला सांगायला नको.

तुर्भे_मालवाहू

साहेब, तुम्ही स्कूटर झोपवून वळवणाऱ्यांचा विचार करताय. मार्केटमधून माल उचलणाऱ्याचा रस्ता म्हणजे ठाणे-बेलापूर रोड, सरळसोट. मागे दोन क्रेट, पायाशी एक गोणी. दहा इंची स्कूटरच्या ९०/१००-१० वर भारांक ५३ लिहिलेला असतो, म्हणजे टायर २०६ किलो पेलतो. अल्टोच्या १४५/८० आर १२ वर ७४, म्हणजे ३७५ किलो. बारा इंची गाडी असेल तर मजबूत टायर का नको? परदेशात गोल्डविंग या अवजड मोटरसायकलवाले मागे कारचा टायर लावून हजारो किलोमीटर जातात. ते सगळे वेडे?

वागळे_इस्टेट

मालवाहू दादा, टायरवर ३७५ लिहिलं म्हणून स्कूटर ३७५ किलो उचलत नाही. तिची मर्यादा एक्सल, बेअरिंग, शॉकअप आणि चॅसीवर ठरते. आणि तो १४५/८० आर १२ म्हणजे ५३७ मिमी उंच. एनटॉर्कच्या टायरपेक्षा ५६ मिमी जास्त. चाक आतच जाणार नाही.

मजबुतीचा तोटाही ऐका. स्कूटर आणि दोन माणसं मिळून २५० किलोच्या आसपास, त्यातले मागच्या चाकावर दीडशे-पावणेदोनशे. कारच्या टायरला हा भार कमी पडतो. तो वाकत नाही, गरम होत नाही, आणि ओल्या रस्त्यावर कडक रबर पकड घेत नाही. हवा कमी केली तर भिंत लोळते आणि वळणावर खड्डा लागला की बीड रिमवरून सुटतं. दोन्हीकडून मरण.

शिवाय टायर साडेपाच टक्के उंच झाला की गिअरिंग तेवढंच लांबतं. गायमुखच्या चढावर दोघं बसून जाताना क्लच जास्त वेळ घसरतो, तापतो, बेल्टचं आयुष्य घटतं. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येणाऱ्या गाड्यांवर काटा बरोबरच दाखवतो, म्हणून हा फरक लक्षातही येत नाही.

गोल्डविंगची रिम रुंद, गाडी साडेतीनशे किलोच्या पुढे. तो दाखला इथे लागू नाही.

सीवूड्स_ताई

मूळ प्रश्न टायर टिकण्याचा आहे ना? मग खरं सांगा, मागचे किती टायर नक्षी संपल्यामुळे बदलले जातात? बरेच पंक्चरांनी मरतात. मेट्रो ४ चं काम चाललेल्या पट्ट्यात आणि सर्व्हिस रोडवर स्क्रू, तारेचे तुकडे पडलेले असतात. पुढचं चाक खिळा उभा करतं, मागचं त्यावर चढतं. आणि मग पंक्चरवाला सरळ ट्यूबलेसमध्ये ट्यूब घालून देतो. यावर कोणी बोलत नाही!

तुर्भे_मालवाहू

ट्यूब घातली तर काय बिघडलं? स्टीलची रिम खड्ड्यात वाकली की कडेतून हवा जाते. रोज हवा भरत बसायचं का?

सीवूड्स_ताई

बिघडतं ते असं. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतून राहतो आणि हवा हळूहळू जाते, तुम्ही पंपापर्यंत पोहोचता. ट्यूब फुटली की व्हॉल्व्हच्या भोकातून क्षणात रिकामी, आणि मागचं चाक शेपटासारखं हलायला लागतं. शिवाय ट्यूब आतून घासून तापते. रिम वाकली असेल तर ती सरळ करा किंवा बदला. बहुतेक वेळा ती वाकलेलीही नसते, कडेला गंज असतो. टायर उतरवा, तारेच्या ब्रशने बीड बसण्याची जागा घासा, बीड सीलर लावा, व्हॉल्व्ह नवा टाका. हवा थांबते.

वागळे_इस्टेट

ताईंचं बरोबर आहे. ट्यूबलेसच्या भोकात रबरी पट्टी मारण्याबद्दलही लिहून ठेवतो, कारण घाईत तेच चुकतं. आधी पट्टी सुईत ओवून सोल्युशन लावून तयार ठेवा, मगच खिळा काढा. खिळा ज्या कोनात गेला त्याच कोनात रेतणी फिरवा. पट्टीची दोन्ही टोकं बाहेर सेंटिमीटरभर राहतील इतकीच आत ढकला, सुई न पिळता झटक्यात ओढा. टोकं ३-४ मिमी ठेवून कापा, साबणाच्या पाण्याने बुडबुडे बघा. भोक ६ मिमीपेक्षा मोठं किंवा भिंतीत असेल तर पट्टी नाही, टायर बदला.

कोपरी_कट्टा

एवढ्या कटकटीपेक्षा टायरमध्ये आतून पंक्चर बुजवणारं जेल भरा आणि विसरा.

वागळे_इस्टेट

विसरा म्हणूनच घात होतो! व्हॉल्व्हची पिन काढून जेल ओतलं की लोक हवा तपासणंच सोडतात. अ‍ॅक्टिव्हाला मागे एकट्याला २९ आणि दोघांना ३६ पीएसआय लागते, ती जेल भरून येत नाही. जेल वाळून व्हॉल्व्ह तुंबतो, आणि नंतर पट्टी मारायची तर ओल्या भोकात सोल्युशन धरत नाही. टायर उतरवणाऱ्याचे हात माखतात ते वेगळंच.

कोपरी_कट्टा

भर पावसात फ्लायओव्हरवर पंक्चर झालं की तुमची रेतणी आणि सुई घेऊन कोण बसणार? बायकामुलं रात्रीची गाडी चालवतात. जेल त्यांना घरी पोहोचवतं. तुमच्या हाताला लागतं म्हणून ते वाईट ठरत नाही.

वागळे_इस्टेट

घरी पोहोचण्यापुरतं चालेल, एवढं मानतो. दुसऱ्या दिवशी टायर उतरवून, जेल धुऊन, आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) लावायचा. महिनोन् महिने त्यावर फिरायचं नाही.

घोडबंदरकर

धागा पंक्चरवर गेला, पण मूळ मुद्दा सोडवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या तपशिलात असा बदल करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर टायरवरचा आकार आधी वाचतो.

तुर्भे_मालवाहू

कायदा मला शिकवू नका. ट्यूब घालून, गुळगुळीत टायरवर किती गाड्या धावतात ते आधी बघा. आणि एक सांगा, दोन्हीकडे साईड व्हील लावलेली दिव्यांगांची स्कूटर कलतच नाही. तिथे सपाट टायर का वाईट?

घोडबंदरकर

तिथे कलण्याचा मुद्दा लागू होत नाही, हे मान्य करावं लागेल. पण बाकी दोन अडचणी तशाच राहतात, केसिंगची फट आणि रिमवर बीड बसणं. आणि त्यातल्या बहुतेक गाड्या मागे दहा इंची आहेत. सध्याच्या कारमध्ये दहा इंची रिमच नाही, तेव्हा बसवणार काय? तुमच्या मालाच्या गाडीला मात्र हा दाखला लागत नाही, ती दोन चाकांवरच वळते. तिला कंपनीचाच आकार घ्या. दुकानात भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जुना पडून असलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कायद्याने दुचाकीला नक्षी ०.८ मिमीपर्यंत चालते, पण पावसाळा तोंडावर असेल तर त्याच्या बऱ्याच आधी बदला.

तुर्भे_मालवाहू

आकडे वाचेन. पण माल वाहणाऱ्यासाठी जाड नक्षीचा स्कूटर टायर याच आकारात कोणता, ते कोणी लिहिणार आहे का?

वागळे_इस्टेट

आकार तोच ठेवून 'रिइन्फोर्स्ड' लिहिलेला मागा, भारांक एक-दोन पायऱ्या वर मिळतो. हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना, दर आठवड्याला.