मदत हवी आहे: ऑइल पंपाचा दांडा लांब पडतोय, कापायचा का? (नागपूर)

जुनीगाडी:
मंडळी, घाईत आहे. दुसरा ऑइल पंप मागवला, पण तो बसत नाहीये. बोल्टची भोकं जुळतात, दांडा मात्र लांब पडतो आणि वरचा डिस्ट्रिब्युटरचा (प्लगांना करंट वाटणारा भाग) पाया ब्लॉकवर टेकतच नाही. किती कापायचा आणि कापलेला टिकेल का, एवढंच सांगा. इंजिन उतरवून ठेवलंय. गॅरेजवाला रोज विचारतो, जागा कधी मोकळी करता. कॉटन मार्केटपासून सदरपर्यंत विचारून झालं, पंप कोणाकडे नाही. इंजिन बदला, असं कृपया कोणी सांगू नका.

पद्मिनीवाला:
कापू नका. पद्मिनीचा पंप गिअरचा असतो. दोन्ही गिअरचे दात तपासा, खाल्लेले असतील तर जोडीनेच बदला. माझ्या पद्मिनीत तेवढंच केलं, तेलाचा दाब कमी असल्याची लाल बत्ती पुन्हा लागली नाही.

लेथवरून:
गाडी कोणती? इंजिन कोणतं? पंप कशाचा? दांडा कुठल्या टोकाला लांब आहे, आणि किती? काहीच लिहिलेलं नाही. पद्मिनी आहे हे तरी कुणी ठरवलं?

जुनीगाडी:
स्टँडर्ड हेरल्ड, ९४८ सीसी. पंप ओळखीच्या माणसाने इंग्लंडहून आणला. ट्रायम्फचा (हेरल्डची मूळ इंग्रजी कंपनी) आहे एवढं नक्की, डब्यावर मॉडेल नाही. वरच्या, म्हणजे गिअरच्या खाचेत जीभ शिरते त्या टोकाला, दीड मिमीच्या आसपास जास्त आहे. आता सांगा.

वाडीकर:
भाऊ, एवढी डोकेफोड कायले करून रायले? ओम्नीचं इंजिन टाका न. आमच्याकडे एकानं जुन्या गाडीत टाकलं, पार्ट कोणत्याबी दुकानात भेटते. मे महिन्यात वर्धा रोडवर बंद पडली तर हे इंग्लंडचे पंप काय कामाचे?

जुनीगाडी:
पहिल्याच पोस्टमध्ये नको म्हटलं होतं. पुन्हा सांगतो, नको.

कागदपत्र:
इंजिन बदलण्याआधी एक लक्षात घ्या. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण गाडी मूळ स्वरूपात लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. रोजच्या वापराला आणि धंद्याला ती गाडी काढता येत नाही, हेही पाहा. आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीख सांगितलीत तर पुढचं सांगतो.

जुनीगाडी:
माहितीबद्दल आभार, पण माझा प्रश्न दांड्याचा आहे.

वाडीकर:
पंप तेवढा बदलला तर तो फेरफार होते का?

कागदपत्र:
नाही हो. ती दुरुस्ती झाली.

घट्टतेल:
पंपाला हात लावायचीच गरज नाही. रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचा दाब सोडणारी झडप) स्प्रिंगमागे दोन वॉशर टाका आणि २०डब्ल्यू-५० तेल भरा. नागपूरच्या उन्हाळ्यात पातळ तेल टिकत नाही. मी नेहमी हेच करतो.

लेथवरून:
तेलाचं पटतं, वॉशरचं नाही. रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो तो दाब वर गेल्यावर. गरम इंजिन आयडलिंगला असतं तेव्हा तो बंदच असतो, मग स्प्रिंग कितीही कडक केली तरी तिथे दाब येणार कुठून? उलट थंड इंजिन सुरू करताना दाब जास्त चढतो आणि पंप फिरवणाऱ्या तिरक्या गिअरवर भार पडतो. हेरल्डचा हा व्हॉल्व्ह पंपात नसून ब्लॉकच्या बाजूला आहे, म्हणून बाहेरूनच खोलून त्याची सीट पाहता येते. कचरा अडकून तो उघडा राहिला असेल तर वेगळी गोष्ट.

जुनीगाडी, जुना पंप गेला हे कशावरून ठरवलं? बत्ती कधी लागते?

जुनीगाडी:
अर्धा-पाऊण तास चालवली की आयडलिंगला लाल बत्ती लुकलुकते. रेस दिली की विझते. मिस्त्री म्हणाला पंप गेला.

घट्टतेल:
वॉशर टाकून माझी बत्ती बंद झाली, हा माझा अनुभव आहे.

लेथवरून:
तेल पण त्याच दिवशी बदललं होतं ना? मग वॉशरने झालं की तेलाने, कसं कळणार?

जुनीगाडी, बत्ती हा नुसता स्विच आहे, त्यातून दाब कळत नाही. त्याच भोकात साधं दाबाचं गेज लावा. गरम इंजिनाला २००० फेऱ्यांवर चौरस इंचाला ४० ते ६० पौंड दाब दिसला पाहिजे. आणि नवीन पंपाचा नाद क्षणभर सोडून जुना खोला. तो गिअरचा नाही, रोटरचा आहे, म्हणजे एकात एक फिरणाऱ्या दोन चाकांचा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन तीन मापं काढा. एक, आतल्या आणि बाहेरच्या रोटरमध्ये: १० थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चालतं. दोन, बाहेरचा रोटर आणि बॉडी: ८ थाऊ. तीन, बॉडीच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून पट्टी आणि रोटर यांतली फट: ४ थाऊच्या वर नको. इथे लिहा.

जुनीगाडी:
पहिलं ७, दुसरं ६, तिसरं ७. झाकणावर रोटर घासल्याचे गोल चरे आहेत, नखाला लागतात.

लेथवरून:
मग तुमचा पंप गेलेला नाही. रोटर चांगले आहेत, फक्त तिसरी, म्हणजे रोटर आणि झाकण यांतली फट वाढली आहे. तेल तिथूनच परत सुटतं, आणि गरम होऊन पातळ झालं की जास्त सुटतं. जाड काच घ्या, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं रॉकेल. रोटर काढून बॉडी तोंडावर पालथी ठेवा आणि हलक्या हाताने मराठी चारच्या आकड्यासारखी फिरवा. अधूनमधून पुसून रोटर घालून मोजा. ३ थाऊवर थांबा. २ च्या खाली गेलात तर गरम झाल्यावर अडकेल. झाकणही त्याच काचेवर, चरे जाईपर्यंत. बाहेरचा रोटर काढण्याआधी खूण करा, होता तसाच परत गेला पाहिजे.

पद्मिनीवाला:
एवढ्यासाठी हिंगणा एमआयडीसीत सरफेस ग्राइंडरवर दिलं तर पाच मिनिटांचं काम आहे. हाताने तोंड तिरकं होतं.

लेथवरून:
बॉडी नीट लेव्हलला बांधणारा असेल तर द्या. पण एका फटक्यात ८ थाऊ काढले तर पंप भंगारात. काचेवर ती भीती नाही.

जुनीगाडी:
आणि नवीन पंपाचा दांडा? पैसे गेलेत त्यात.

लेथवरून:
पाया टेकत नाही, म्हणजे दांडा वरच्या गिअरला उचलतो आहे. तसाच दाबून कसलात तर तो गिअर आणि कॅमचा गिअर दोन्ही खाल्ले जातील. पायाखाली पॅकिंग चढवून उंची वाढवणं हाही उपाय नाही. गिअरची वर-खाली हालचाल ३ ते ७ थाऊ हवी, ती पायाखालच्या कागदी पॅकिंगने जुळवतात, पण त्याआधी दांड्याचा धक्का सुटलेला पाहिजे. दांडा कडक केलेला असतो, आरी चालणार नाही. जिभेचं टोक चाकावर पाण्यात बुडवत थोडं थोडं घासायचं. निळं पडलं तर कडकपणा गेला. पण आज त्याची गरज नाही.

घट्टतेल:
मेन बेअरिंग (ज्यांत क्रँक फिरतो ती) ढिली असतील तर पंप कितीही चांगला असो, आयडलिंगला दाब राहत नाही. इंजिन खाली आहेच, तर कॅप खोलून बघा.

लेथवरून:
हे शंभर टक्के बरोबर. तीनच मेन बेअरिंग आहेत, वेळ लागत नाही. क्रँकचे थ्रस्ट वॉशरही (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे) बघा, या इंजिनात ते झिजून खाली पडतात.

जुनीगाडी:
काचेवर घासून झालं. फट ३ थाऊ, झाकण आरशासारखं. मधल्या मेन बेअरिंगचा वरचा थर गेलाय, तांबं दिसतं. उरलेली दोन चांगली आहेत. थ्रस्ट वॉशर जागेवर आहेत. तिन्ही बेअरिंग बदलतो. पंप व्हॅसलीन भरून बसवणार, म्हणजे पहिल्या फेरीपासून तेल ओढेल. गेज लावलं की आकडे टाकतो.

पद्मिनीवाला:
मग तो इंग्लंडचा पंप विकणार का? माझ्या मित्राची स्टँडर्ड गझेल गाडी आहे, तीही ९४८ ची.

जुनीगाडी:
नाही. त्यातले रोटर जपून ठेवतोय. मित्राला म्हणावं, आधी जुना पंप खोलून तीन मापं काढ.