जुन्या कमांडरच्या डिफरन्शियलचं ऑइल घरी कसं बघायचं?

केळीवाला यावल:
राम राम मंडळी. घरची जुनी महिंद्रा कमांडर आहे, बागेत खतं-मजूर न्यायलाच चालते. आता स्पीड घेतला की मागून, डिफरन्शियलमधून (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा गोळा) हूंऽऽ आवाज येतो, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बदलतो. गॅरेजवाला डायरेक्ट क्राऊन-पिनियन (आतले मोठे गिअर) बदला म्हणतोय, म्हटलं आधी ऑइल तरी बघू. पण याला इंजिनसारखी पट्टीच नाही, लेव्हल कळते कशी?

अमळनेरी भो:
सोपं आहे भो. गाडी सपाट जागी लाव आणि एकाच बाजूला जॅक लावू नको, हाउसिंग (डिफरन्शियलचं लोखंडी कवच) तिरपं झालं की लेव्हल खोटी दाखवते. गाडी फिरून आली असेल तर जरा थांब, ऑइल खाली बसू दे. हाउसिंगला दोन प्लग असतात, एक मध्यावर एक तळाला. वरच्याच्या आजूबाजूची माती झाडून तो खोल, बोट आत घालून खाली वाकव. ऑइल भोकाच्या खालच्या काठाशी पाहिजे.

धुळेकर ड्रायव्हर:
आणि वरचा प्लग सुटल्याशिवाय खालच्याला हात लावजो नको भाऊ! जुन्या गाडीचे प्लग गंजून जाम असतात, खालून सगळं सांडलं आन वरचा सुटेना तर भरशील कुठून? बोटावरचं ऑइल उन्हात बघ. काळं चालेल, ताकासारखं पांढुरकं म्हणजे पाणी गेलंय, बारीक चकाकी असतेच, पण टोचणारा तुकडा निघाला तर गॅरेजवाला खरा.

केळीवाला यावल:
बोट कोरडं निघालं राव! आणि डाव्या चाकाचा ड्रम आतून ओला चिकट. शेडमध्ये ट्रॅक्टरचं ९० नंबर गिअर ऑइल पडलंय, ते ओतू का?

अमळनेरी भो:
डब्यावर जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय का ते बघ, नसेल तर नको, ८०डब्ल्यू-९० जीएल-५ आण. यात दात एकमेकांवर घासत सरकतात, साधं ऑइल तिथं टिकत नाही. उरलेलं मात्र गिअरबॉक्सात ओतू नको, तिथल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद पडावा म्हणून असतात त्या) ते मानवेलच असं नाही. भोकातून परत वाहायला लागलं की बस. हाउसिंगच्या वर ब्रीदरची, म्हणजे हवा सोडणारी, छोटी टोपी असते ती बुजली की गरम हवा कोंडते आणि ऑइल चाकाजवळच्या सीलमधून बाहेर पडतं, ड्रम त्यानंच ओला होतो, म्हणून ती आधी साफ कर, मगच सील टाक. ब्रेकचे लायनर भिजले असतील तर तसाच घाटात जाऊ नको, गाडी एका बाजूला ओढेल.

केळीवाला यावल:
टोपी मातीनं गच्च होती!! सील भुसावळला मिळेल का जळगावलाच जावं लागेल?

धुळेकर ड्रायव्हर:
कुठंही जा, जुनं सील खिशात घालून जा.