तिन्हीसांजेचे एकटेपण आणि देवाची सोबत

कृष्णाकाठ (वाई)

सर्वांना नमस्कार. मी 63 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. लग्न केले नाही. शेवटची नऊ वर्षे आईच्या सेवेत गेली. ती अंथरुणाला खिळलेली होती आणि हाक मारण्याइतकाही आवाज उरला नव्हता, म्हणून मी हवी असले की ती स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवत असे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तो आवाज यायचा आणि कधीकधी मला त्याचा वैतागही येत असे. गेल्या पौषात आई गेली. ती वाटी अजून खाटेजवळच्या स्टुलावरच आहे. उचलून मांडणीवर ठेववत नाही.

दिवस कसाबसा निघतो, पण तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की घर अंगावर येते. हरिपाठ लहानपणापासून पाठ आहे, तो म्हणतेही, परंतु मन त्यात उतरत नाही. देव सोबत असतो असे सगळे सांगतात. मला ती सोबत जाणवत नाही. शिवाय एक बोचणी आहे. आई असताना पूजा मी घाईघाईने उरकत होते आणि आता कोणी उरले नाही म्हणून देवाकडे वळले, तर हा स्वार्थच नव्हे का? ज्यांनी हे सोसले आहे त्यांनी कृपया लिहावे.

गोदातीर (परभणी)

ताई, आधी बोचणीविषयी लिहितो. आमच्या जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. तिने देवाला घातलेली साद अशी आहे: ‘माय मेली बाप मेला । आतां सांभाळीं विठ्ठला’. आपले माणूस उरले नाही म्हणूनच तू सांभाळ, असे ती सरळ सांगते आणि त्यात तिला काही गैर वाटत नाही. आईबाप गेल्यावर विठ्ठलाला माऊली म्हणण्याचा हक्क ज्या परंपरेने दासीला दिला, ती तुम्हाला स्वार्थी कशी म्हणेल?

पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवतात. पत्नी गेल्यानंतरच्या वर्षी मी तिथे गेलो होतो. जात्यासमोर उभा असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती अशी की जनाबाईच्या कथांमधला देव ती डोळे मिटून बसलेली असताना येत नाही. ती दळत असते, शेण्या वेचत असते, हात कामात गुंतलेले असतात, तेव्हा तो येऊन कामाला हात लावतो. मग वाटीचा आवाज ऐकून तुम्ही नऊ वर्षे जी धावपळ केली, ती पूजेबाहेरची होती असे का धरता? माझ्या मते पूजा तिथेच चालली होती. आता ती वाटी वाजत नाही, हे तुमचे खरे दुःख आहे आणि देवाशी बोलायचे तर त्याविषयीच बोला. जनाबाई तर ‘अरे विठ्या विठ्या’ म्हणून त्याच्याशी भांडलीसुद्धा आहे.

इंद्रायणी

वरील प्रतिसाद पटला, पण एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. आपल्याकडे सांत्वनाला आलेली माणसे लगेच तुकोबांचा दाखला देतात. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, आणि तरीही ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ असे त्यांनी म्हटले. ते खरेच आहे, परंतु हे उद्गार त्यांना दुसऱ्याच दिवशी सुचले असतील असे मला वाटत नाही. भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांत रुचायला लागण्याआधी त्यांनीही एकटेपण भोगलेच असणार. पौषात आई गेली असेल तर अजून वर्षश्राद्धही झालेले नाही. सोबत जाणवत नाही म्हणून आपली भक्ती उणी आहे, असा निष्कर्ष एवढ्यात काढू नका.

झोप आणि जेवण तुटले असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर भेटा. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तिथे फोनवर बोलता येते.

पहाटपहारा (जुन्नर)

मी थोडे वेगळे सांगते. हरिपाठ एकटीने म्हणू नका. तो टाळांच्या गजरात, चारचौघांत म्हणायचा आहे. आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो, त्यात सातही दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पाळीपाळीने पहारा असतो. मुलगी सासरी गेली आणि घर रिकामे झाले, त्या वर्षी मी पहाटे दोन ते चारचा पहारा मागून घेतला. देवळात समईखेरीज उजेड नव्हता, एका कोपऱ्यात दोन म्हातारे घोंगडी पांघरून निजले होते आणि मी वीणा छातीशी धरून ‘रामकृष्णहरी’ म्हणत उभी होते. पहिला अर्धा तास पायांतली कळ आणि घड्याळ एवढेच सुचत होते. पुढे मात्र गळ्यात अडकवलेल्या त्या वीणेची ऊब जाणवू लागली, कारण माझ्या आधीच्या बाईच्या अंगाची ऊब तिच्या लाकडात अजून होती. चार वाजता पुढची बाई ओल्या केसांनी आली आणि तिने माझ्या गळ्यातून वीणा उतरवून घेतली. ते दोन तास मी एकटी होते, पण एकाकी नव्हते. देवाची सोबत म्हणतात ती मला तरी अशीच कळली, एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती येणारी.

कृष्णाकाठ (वाई)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मी ऋणी आहे. झोप बरी आहे, जेवण थोडे कमी झाले आहे, लक्ष ठेवते.

काल दिवा लावल्यावर हरिपाठ म्हटला नाही. आईची वाटी आणून विठोबाच्या तसबिरीपुढे ठेवली आणि तिच्यात रोजची साखर ठेवली. मग बराच वेळ त्याला बोलले, चांगलेच बोलले. तिला इतके का झिजवलेस, हेही विचारले. उत्तर आले नाही, पण अंधार पडून गेल्याचे मला उशिरा कळले.

पहाटपहाराताई, आपल्याला एक विचारायचे आहे. आमच्या आळीतल्या देवळात सप्ताह बसतो, पण तिथे बायकांना वीणा देतात की नाही हे मी आजवर कधी विचारलेच नाही. आपल्या गावी प्रथम कोणी आणि कसे विचारले होते, ते सांगाल का?