नवा डाग नाही, तरी पाय जड का?
एका ताईंनी विचारलंय, आईला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) आहे, एमआरआयमध्ये नवा डाग नाही, मग तिचा पाय जड का होत चाललाय? माझ्या दादाला प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू वाढत जाणारा एमएस आहे. पुण्यात त्याची टीएमएस तपासणी झाली (यात चुंबकाचा झटका देऊन मेंदूचा संदेश स्नायूपर्यंत कसा पोचतो ते बघतात), तेव्हा मी शेजारीच होते. डोक्यावर कॉइल धरली, टक् आवाज झाला आणि डाव्या हाताचं बोट हललं. उजव्यासाठी जोर बराच वाढवावा लागला, आणि पडद्यावरची स्नायूच्या प्रतिसादाची लाटही उशिरा उमटली. मायलिन, म्हणजे नसांवरचं आवरण, गेलं की संदेश रेंगाळतो, शिवाय मेंदूच्या पेशीही सहजी उत्तेजित होत नाहीत. नवे डाग नसतानाही हे चालू राहू शकतं. आईंना फिट येत असेल किंवा पेसमेकर असेल, तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगाच. आणि ऊन सांभाळा हो! कोथरूडहून दुपारी आलं की दादाचा पाय जास्तच ओढतो, म्हणून फिजिओथेरपी सकाळी 7 ला ठेवलीय.