मदत हवी आहे: एक्स्टेन्शन पेंडिंग, लायसन्स शुक्रवारी संपतंय

मोगरा_
अमेरिकेतलं माझं ड्रायव्हिंग लायसन्स आय-94 च्या (देशात राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) तारखेपर्यंतच होतं, ते या शुक्रवारी संपतंय. एक्स्टेन्शनची, म्हणजे ती मुदत वाढवायच्या अर्जाची, रिसीट नोटीस (पोच) घेऊन गेले तर म्हणाले, यावर रिन्यू होणार नाही. नवऱ्याचं अप्रूव्ह झालं, माझं अजून नाही. मुलांना शाळेत सोडायला दुसरं कोणी नाही. काय करता येईल? लवकर सांगा प्लीज.

एडिसनचा_वडा
राज्य कुठलं? व्हिसा कुठला? अर्ज आय-94 संपायच्या आत गेलाय ना? हे न सांगता कोण काय सांगणार!

तात्या_डॅलस
घाबरू नका. एक्स्टेन्शन पेंडिंग असलं की 240 दिवस मिळतात. जुनी आय-797 (मंजुरीची नोटीस) आणि रिसीट घेऊन दुसऱ्या ऑफिसात जा. काउंटरवरचा माणूस बदलला की नियम बदलतो.

काटेकोर
तात्या, ते 240 दिवस नोकरीच्या एच-1बी व्हिसावाल्याला त्याच कंपनीत काम चालू ठेवण्यासाठी. लायसन्सशी संबंध नाही. वेळेत अर्ज केला असेल तर निकालापर्यंत राहता येतं, पण त्याला स्टेटस म्हणत नाहीत. रिसीटवर ठळक छापलेलं असतं की ही नोटीस कोणतंही स्टेटस देत नाही. रिअल आयडी (देशांतर्गत विमानप्रवासालाही चालणारं लायसन्स) कायद्याच्या यादीत पेंडिंग आय-485 (ग्रीन कार्डचा अर्ज) आहे, पेंडिंग एक्स्टेन्शन नाही. म्हणून कुणाची रिसीट चालते, कुणाची नाही.

तात्या_डॅलस
कायदा वाचून गाडी चालत नाही हो.

मोगरा_
न्यू जर्सी. एच-4, नवरा एच-1बी वर. माझा आय-539 (मुदतवाढीचा अर्ज) नवऱ्याच्या अर्जाबरोबरच, मुदतीत भरलाय, प्रीमियममध्ये (जादा फी भरून लवकर निकाल). मग त्याचं आलं आणि माझं का नाही?

काटेकोर
प्रीमियम फक्त त्याच्या आय-129 ला, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी भरलेल्या अर्जाला. कोर्टातल्या तडजोडीमुळे 2023 पासून दोन्ही एकत्र निकाली काढत होते, ती मुदत जानेवारी 2025 मध्ये संपली.

एडिसनचा_वडा
न्यू जर्सी हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना, ताई! मे 2021 पासून इथे स्टँडर्ड लायसन्स इमिग्रेशन स्टेटस न बघता देतात. रिअल आयडी मागाल तर सेव्हमध्ये (स्टेटस पडताळायची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) तपासणी होणार आणि तिथेच अडकणार. त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच ‘स्टँडर्ड’ निवडा. सहा पॉइंटची कागदपत्रं लागतात (प्रत्येक कागदाला ठरावीक पॉइंट), त्यात चालू पासपोर्ट धरतात. पत्त्यासाठी ताजं बँक स्टेटमेंट किंवा वीजबिल, तुमच्या नावाचं. सगळं नवऱ्याच्या नावावर असेल तर आजच बँकेतून काढून घ्या, बरेच जण तिथेच परत फिरतात. विमानात भारतीय पासपोर्ट चालतो, रिअल आयडीवाचून अडणार नाही.

शंकेखोर
पण ते कागद नसलेल्यांचं लायसन्स ना? पुढे ग्रीन कार्डला नडेल.

एडिसनचा_वडा
नाही. कितीतरी अमेरिकन नागरिकांकडेही तेच असतं. नडेल ते दुसरंच. अर्जाच्या ओघात मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे स्पष्ट ‘नाही’ सांगा आणि सही करण्याआधी वाचा. चुकून नागरिक असल्याची खूण गेली तर ते कायमचं महागात पडतं.

गोदाकाठ
त्यापेक्षा भारतातून आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट) काढा. आरटीओत फॉर्म 4ए, 1000 रुपये, एक वर्ष चालतो.

काटेकोर
तो पाहुण्यांसाठी. राज्याच्या रहिवाशाला राज्याचंच लायसन्स लागतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच विचारेल.

शंकेखोर
अवांतर: एडिसनमध्ये हायब्रिड घ्यावी की ईव्ही?

एडिसनचा_वडा
वेगळा धागा काढा.

मोगरा_
आणि अप्रूव्हल आलं की रिअल आयडी मिळेल?

काटेकोर
मिळेल. मंजुरीच्या नोटिशीच्या (आय-797ए) तळाशी नवा आय-94 असतो, तोच दाखवा. विमानतळावरचा जुना नको. नंबर 11 खुणांचा, दहाव्या जागी इंग्रजी अक्षर, बाकी आकडे. क्लार्कने ओ आणि शून्याची अदलाबदल केली की सेव्हमध्ये सापडत नाही. अडकलंच तर कागद स्कॅन करून पुढच्या तपासणीला पाठवायला सांगा आणि सेव्हचा केस नंबर मागून घ्या. सेव्हच्या केसचेक वेबपानावर घरबसल्या दिसतं. तोवर स्टँडर्ड काढून घ्या, शुक्रवारच्या आत. संपलेल्या लायसन्सवर एक दिवसही गाडी काढू नका.