क्रिस्टल रेडिओवर दोन स्टेशनं एकत्र येतात, आवाजही क्षीण

लहर: मीडियम वेव्हचा बिनबॅटरीचा सेट जोडलाय. ५ सेंमी व्यासाच्या पाइपवर ०.५ मिमी एनॅमल तारेचे ८५ वेढे, समांतर ३६५ पीएफचा (पिकोफॅरड) गँग, म्हणजे फिरवून बदलता येणारा कपॅसिटर. २० मीटर एरियल कॉइलच्या वरच्या टोकाला, खालचं टोक अर्थला. डायोड १एन४००७, पुढे मोबाइलचा इअरफोन. गँग कुठेही फिरवला तरी एक स्टेशन मागे राहतंच आणि १००० किलोहर्ट्झच्या वरचं काही लागत नाही. वेढे कमी करू का?

कॉइलवाला: वेढ्यांना हात लावू नका. या मापाला सुमारे २५० मायक्रोहेन्री भरतात, म्हणजे ३६५ पीएफला ५२७ किलोहर्ट्झ. बँडचं खालचं टोक बरोबर मिळतंय. घोळ एरियलचा आहे. एवढी तार जमिनीच्या मानाने साधारण २०० पीएफचा कपॅसिटर असते. गँग पूर्ण उघडून ३० पीएफवर आणला तरी एकूण २३० होतात आणि तुम्ही ६६० किलोहर्ट्झपाशी अडकता. शिवाय एरियल आणि अर्थचा रोध थेट ट्यून्ड सर्किटवर (कॉइल आणि गँग) येऊन क्यू, म्हणजे एकच स्टेशन निवडण्याची धार, पडतो, म्हणून स्टेशनं वेगळी होत नाहीत.

एरियल अर्थकडून १७व्या वेढ्यावर जोडा. वेढ्यांचं प्रमाण १:५, परिणाम वर्गाने घटतो. २०० पीएफचे पूर्ण कॉइलवर जेमतेम ८ दिसतील. टॅपसाठी, म्हणजे या मधल्या जोडासाठी, तो वेढा काडीवर उचलून मगच एनॅमल खरवडा. शेजारचा वेढा सोलला जाऊन चिकटला, तर शॉर्ट झालेला तो एकच वेढा क्यू खाऊन टाकतो.

डिटेक्टर: आवाजाचं कारण वेगळं आहे. १एन४००७ नीट वाहायला ०.६ व्होल्टच्या आसपास लागतात, तेवढे इथे क्वचितच मिळतात. जर्मेनियम १एन३४ए लावा. ३२ ओहमचा इअरफोनही सर्किट दाबून टाकतो. क्रिस्टल इअरपीस घ्या आणि त्याला समांतर १०० किलोओहम रेझिस्टर नक्की लावा. इअरपीस डीसी वाहू देत नाही. रेझिस्टर नसेल तर तो चार्ज होऊन बसतो, आवाज चिरका येतो किंवा बंदच पडतो.

लहर: डायोडची दिशा कुठली?

डिटेक्टर: कुठलीही. ट्रान्समीटर कॅरिअरची, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरीची, उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त करतो आणि तोच आकार वर-खाली दोन्ही बाजूंना उमटतो. एक बाजू कापली नाही तर सरासरी शून्य, इअरपीसचा पडदा हलणारच नाही. कुठली कापली, याने फरक पडत नाही.

कॉइलवाला: एरियल विजेच्या तारांपासून लांब ठेवा. ढग गडगडायला लागायच्या आधीच सेटपासून सोडवून बाहेरच्या बाहेर अर्थला जोडा.